दाव्यांना वित्तपुरवठा आणि ग्राहकाचे संरक्षण

लखनौ शहरातील अलीगंज हा भाग तेथील जुन्या हनुमान मंदिरामुळे आणि लखनौ विकास प्राधिकरणाच्या गृहयोजनेमुळे परिचित आहे. याच प्राधिकरणाविरुद्धच्या एम. के. गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये महत्त्वपूर्ण निर्णय दिला. गृहबांधणी ही 'सेवा' असून सार्वजनिक प्राधिकरणेही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. हक्क मान्य झाला. परंतु तो बजावण्यासाठी लागणारा पैसा प्रत्येक ग्राहकापाशी असतोच असे नाही. येथेच दाव्यांच्या वित्तपुरवठ्याचा प्रश्न उपस्थित होतो.

संकल्पना

दाव्याशी संबंध नसलेली व्यक्ती अथवा संस्था पक्षकाराचा खर्च उचलते. दावा जिंकल्यास तिला वसुलीतील ठरलेला हिस्सा मिळतो. हरल्यास सहसा काहीच परत मिळत नाही. त्यामुळे हा व्यवहार रूढ अर्थाने कर्ज ठरत नाही आणि सावकारीवरील व्याजमर्यादा त्याला सरळ लागू करणे कठीण जाते.

कायदेशीर स्थिती

इंग्लंडमध्ये अशा करारांवर पूर्वी कडक निर्बंध होते. भारताने ते जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. रामकुमार कुंडू प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्ये सांगितले, की असा करार न्याय्य असल्यास तो केवळ स्वरूपामुळे सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरत नाही. मात्र तो पिळवणूक करणारा असल्यास न्यायालयाने त्यास मान्यता देऊ नये.

वकिलांची गोष्ट वेगळी आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलास निकालावर अवलंबून शुल्क ठरविता येत नाही. ए. के. बालाजी प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने नोंदविले, की वकील स्वतः दाव्यास पैसा पुरवू शकत नाहीत. परंतु वकील नसलेल्या त्रयस्थांवर तसे बंधन दिसत नाही.

महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश येथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये केलेल्या दुरुस्त्यांनी वित्तपुरवठादाराची दखल घेतली आहे. न्यायालय त्यास दाव्यात सामील करून घेऊ शकते व खर्चाची हमी मागू शकते. मात्र या तरतुदीचा मुख्य लाभ प्रतिवादीला होतो, कारण त्याचा खर्च सुरक्षित राहतो. पैसा घेणाऱ्या ग्राहकाचे हित त्यातून जपले जात नाही.

ग्राहकापुढील धोके

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ग्राहकास ६ लाख रुपये भरपाई मिळाली. करारानुसार पुरवठादार १ लाख रुपये खर्च आणि एकूण रकमेच्या ४० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये घेतो. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती २ लाख ६० हजारच उरतात. याशिवाय तडजोड कधी करावी, हे पुरवठादारच ठरवू लागतो. आणि त्याने मध्येच हात आखडता घेतल्यास ग्राहक अर्ध्या वाटेवर अडकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही संकल्पना आली, ही जमेची बाजू होय. परंतु त्याविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य अथवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. शिवाय हा उपाय करार झाल्यानंतरचा आहे.

नियमनाची दिशा

सिंगापूरने २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादासाठी अशा वित्तपुरवठ्यास परवानगी देताना पुरवठादाराकडे किमान ५० लाख सिंगापूर डॉलर भांडवल वा तेवढी मालमत्ता व्यवस्थापनाखाली असावी, अशी अट घातली. भारतासाठी पुढील तरतुदी उपयुक्त ठरतील : पुरवठादाराची नोंदणी, हिश्श्यास कमाल मर्यादा, ग्राहकास समजेल अशा भाषेतील लेखी करार, करार रद्द करण्यासाठी काही दिवसांची मुदत, तडजोडीचा अंतिम अधिकार ग्राहकाकडेच, आणि वकील व पुरवठादार यांच्यातील हितसंबंध उघड करण्याचे बंधन.

मर्यादा अतिशय कमी ठेवल्यास लहान दाव्यांना कोणीही पैसा पुरविणार नाही, हेही ध्यानात घ्यावे लागेल. अशा ग्राहकांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ वर आधारलेली, १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याखालील मोफत मदत अधिक बळकट करणे हाच खरा पर्याय होय. खासगी पैसा हा न्यायाचा मार्ग सुकर करू शकतो. राज्यसंस्थेच्या जबाबदारीची जागा तो घेऊ शकत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दाव्याचा वित्तपुरवठा व कर्ज यांतील फरक स्पष्ट करा.
२. आदेश २५ मधील राज्य दुरुस्त्या ग्राहकाच्या संरक्षणास अपुऱ्या का आहेत?