विहिरीत पोहणाऱ्यांनी कुंडलिकेत उतरताना

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातली पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, काकानं काठावरून ढकलायचं. सुट्टी संपेतो डबा सुटलेला असतो आणि पोरगं मुटके मारत असतं. तिळगंगा, वसना, वांगना या आमच्या नद्या उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे विहिरीला पर्याय नाही. विहीर दम वाढवते, भीती घालवते, पण पाण्याची ओढ म्हणजे काय ते तिच्यात कळत नाही. रायगड जिल्ह्यात कोलाडला राफ्टिंगला निघालेल्या आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला मी हे आधी सांगतो.

कारण कोलाडची कुंडलिका आपल्या ओळखीच्या नदीसारखी वागत नाही. टाटांनी मुळशीला धरण बांधलं. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध, 1921 साली. या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात उतरवून 1927 पासून भिऱ्याला वीज तयार होते आणि पुढे ते कुंडलिकेत जातं. एरवी हे पाणी मुळेतून, भीमेतून कृष्णेलाच मिळालं असतं. कोयनेचं पाणी पोफळीला वळवलं, तसाच हा प्रकार. म्हणून पावसाळा सरला तरी कोलाडला राफ्ट चालते. वीजगृहातून पाणी साधारण सकाळी सुटतं आणि राफ्ट त्या पाण्याबरोबर निघतात. मघाशी उघडे असलेले खडक बघता बघता बुडतात. काठावरच्या शांत पात्रात फोटोसाठी उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: आभाळ निरभ्र असलं तरी नदी चढू शकते.

एकदा आम्ही कोलाडला राफ्टिंगला गेलो, तेव्हा बरोबर माझा पुतण्या होता. विहिरीत तळाची माती वर आणून दाखवणारा गडी. जॅकेट छातीला काचतं म्हणून निघाल्यावर त्यानं दोन पट्टे सैल केले. एका खळाळात राफ्ट कलली आणि तो बाहेर फेकला गेला. सैल जॅकेट वर सरकून कानाशी आलं, तोंड त्यात दडलं. पाणी कमरेएवढंच दिसत होतं, म्हणून त्यानं उभं राहायचा प्रयत्न केला. गाईड जिवाच्या आकांतानं ओरडत होता, “पाय वर घे! उभा राहू नकोस!” तोवर पाऊल दोन धोंड्यांत अडकलं आणि मागच्या पाण्यानं त्याला पुढं वाकवलं. नशिबानं पाऊल निसटलं, बूट तिथंच राहिला. गाईडनं दोराची पिशवी फेकली, त्याला जवळ ओढलं आणि जॅकेटच्या खांद्यांना धरून आत घेतलं. बराच वेळ पोरगं बोललं नाही. वाहत्या पाण्यात पाय अडकला की कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो, कारण ओढ त्याला पुन्हा उभं राहू देत नाही.

पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पावलं पुढं आणि पृष्ठभागावर ठेवा, म्हणजे खडकाला आधी तळवे लागतील. दोर मिळाला तर छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका. जॅकेटची परीक्षा काठावरच होते: दुसऱ्यानं खांद्याचे पट्टे धरून वर ओढावं, ते हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे. हेल्मेट उन्हात तापलं तरी काढायचं नाही.

जॅकेटबद्दल मी इतका हट्टी आहे, त्याचं कारण कोलाड नाही, आपली कृष्णा आहे. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जण बुडाले. नदीकाठी जन्म काढलेली माणसं होती ती. नदीची ओळख जॅकेटची जागा घेत नाही.

भर पावसात जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. कोरेगावहून मेढा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड अशी वाट धरली तर नदीआधी घाटच परीक्षा घेतो. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री एसटी गाड्यांसह वाहून गेला. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. दिवाळीनंतर जा. पाणी तेव्हाही असतं, रानही हिरवं असतं आणि खळाळांच्या मधल्या संथ पट्ट्यात काठच्या फांदीवरून सूर मारणारा खंड्या निवांत बघता येतो.

आणि राफ्ट संपली की लगेच परत फिरू नका. हीच नदी पुढं रोह्याला जाते, पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या जन्मगावी, आणि रेवदंड्याशी समुद्राला मिळते. खाडीच्या एका तीरावर रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, दुसऱ्या तीरावर कोर्लईचा किल्ला. कोर्लईत आजही काही घरांत पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात.

कोलाडला पोचल्यावर गाईड म्हणाला, “आज पाणी जास्त आहे, सोडत नाही,” तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, पैशांकडं बघू नका. मुलांना गाडीत बसवा आणि थेट रेवदंड्याला न्या.