गोठ्याच्या संगणकीय नोंदी : तारखांचा क्रम असा लावा

गाय विण्यापूर्वी सुमारे ६० दिवस आटवावी, हे दुग्ध व्यावसायिक जाणतातच. या विश्रांतीत कासेची झीज भरून निघते व पुढील वेतात दूध चांगले मिळते. गाईचा गाभणकाळ सरासरी २८० दिवसांचा असतो. म्हणून कृत्रिम रेतनापासून २२० दिवसांनी गाय आटवावी लागते. ही नोंद संगणकावर ठेवणाऱ्या पशुपालकांनी पुढील चूक टाळावी.

समजा, तीन गाभण गाईंच्या रेतनाच्या तारखा अशा आहेत : गौरी १०/१२/२०२४, कपिला २५/०१/२०२५ व हरणी ०३/०२/२०२५. तारखांचा रकाना 'मजकूर' प्रकारचा असल्यास चढत्या क्रमाने हरणी, गौरी, कपिला अशी यादी येते. प्रत्यक्षात गौरी १८ जुलै २०२५ रोजी, तर हरणी ११ सप्टेंबर २०२५ रोजी आटवावयास हवी. यादीवर विसंबल्यास हरणीचे दूध लवकर बंद होईल आणि गौरीला पुरेशी विश्रांती मिळणार नाही.

असे का होते? मजकुराची तुलना संगणक डावीकडून एकेक अक्षर पाहून करतो. त्यामुळे आधी दिवस पाहिला जातो, वर्ष सर्वांत शेवटी.

उपाय :

१) नवीन नोंदवही तयार करतानाच रकान्याचा प्रकार 'तारीख' निवडावा.

२) जुन्या नोंदी दुरुस्त करण्यापूर्वी फाइलची प्रत काढून ठेवावी. ३/२/२०२५ अशी नोंद ०३/०२/२०२५ अशी करून घ्यावी.

३) डेटाबेसच्या क्वेरीत क्रम लावताना तारखेतील शेवटचे ४ अंक, मग मधले २ व नंतर पहिले २ अंक जोडावेत. १०/१२/२०२४ चे २०२४१२१० होते. या अंकांवर लावलेला क्रम बरोबर येतो.

४) मजकुराचे तारखेत रूपांतर करताना 'दिवस-महिना-वर्ष' हीच मांडणी निवडावी. अन्यथा ३ फेब्रुवारीची २ मार्च होण्याचा धोका असतो.

५) तारीख मजकूर म्हणूनच ठेवावयाची असल्यास २०२५-०२-०३ अशी, वर्ष प्रथम लिहावी.

दुरुस्तीनंतर किमान दहा नोंदी गोठ्यातील वहीशी ताडून पाहाव्यात आणि मगच आटवण्याची यादी वापरावी.