मूल होत नाही? तपासणी दोघांची करा



लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली आणि दिवस राहिले नाहीत, की सुनेचे दवाखाने आणि उपास सुरू होतात. नवऱ्याची तपासणी मात्र राहूनच जाते. खरं तर अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्य तपासणीत सुई नाही, ऑपरेशन नाही. म्हणून बाईच्या मोठ्या तपासण्यांआधी ती करून घ्यावी.

नमुना देताना
- आधी २ ते ७ दिवस संबंध टाळावा.
- नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. घरून न्यायचा तर अंगाच्या उबेत, तासाभराच्या आत पोचायला हवा. सोयगाव-वैजापूरहून संभाजीनगरला नेऊ नये.
- थोडा सांडला तर तसं सांगावं.

रिपोर्ट कसा वाचायचा?
जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा:
- वीर्य: १.४ मिली
- काउंट: एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू (रिपोर्टवर १६ मिलियन)
- हालचाल (मोटिलिटी): शंभरात ४२, त्यातले पुढे सरकणारे ३०
- आकार (मॉर्फोलॉजी): शंभरात ४ चांगले

शेवटचा आकडा पाहून घाबरू नका. शंभरात चारच चांगले असले तरी चालतात. हे आकडे बाप झालेल्या पुरुषांच्या तपासणीवरून काढलेत. म्हणून आकडा थोडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. आणि काउंट कमी म्हणजे मर्दानगी कमी, असं तर मुळीच नाही.

आकडे कमी आले तर?
एका रिपोर्टवर निकाल लावू नका, तपासणी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. मागे आलेला मोठा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. तंबाखू, गुटखा, दारू सोडावी. जिमसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असतील तर डॉक्टरांना सांगावं, त्याने शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर त्यावर इलाज आहे. शुक्राणू अजिबात दिसले नाहीत तरी कारण शोधता येतं. कधी नुसता मार्ग बंद असतो.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दोघांनी मिळून जावं.

पुढच्या मासिक बैठकीत हे वाचून दाखवा. आणि गटातल्या एखादीला कुणी वांझ म्हणालं, तर एवढंच विचारा: दादांचा रिपोर्ट काढलाय का?