थंड इंजिनाचे अर्थशास्त्र

डिसेंबर-जानेवारीत म्हैसूरमधील पहाटेचे तापमान साधारणतः १६-१७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. उत्तर भारताच्या मानाने ही थंडी सौम्यच. तथापि मोटार सुरू करून ती पाच-दहा मिनिटे जागीच ‘तापविण्याची’ सवय येथेही आढळते. ही सवय कितपत उपयुक्त आहे?

सवयीचे मूळ

थंड धातूवर पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. कार्बोरेटरच्या काळात चोक ओढून हवा कमी करावी लागे आणि इंजिन तापेपर्यंत वाहन अडखळे. म्हैसूरच्याच आयडियल जावा कारखान्यात १९९६ पर्यंत तयार झालेल्या दुचाकी याच पिढीतील होत. त्या काळी थोडे थांबणे आवश्यकच होते.

बदललेले तंत्र

आजच्या मोटारीत संवेदक शीतक द्रवाचे तापमान मोजतो व संगणक त्यानुसार इंधनाचे प्रमाण ठरवितो. द्रव सुमारे ८० ते ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडील वाट बंद ठेवतो. मात्र उभ्या वाहनात इंजिनावर भार अत्यल्प असल्याने ते संथपणे तापते. चालत्या वाहनात लवकर तापते. दरम्यान न जळलेले पेट्रोल वंगणात मिसळून त्याची गुणवत्ता घटविते.

धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक परिवर्तक तर सुमारे २५० ते ३०० अंशांनंतरच प्रभावी होतो. त्यामुळे प्रवासाची पहिली काही मिनिटे सर्वाधिक प्रदूषणकारी ठरतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांचा लाभही या मिनिटांत पुरता पदरात पडत नाही.

खर्च कोणाचा?

लहान मोटार उभ्याने ताशी ०.६ लिटर पेट्रोल जाळते असे धरल्यास रोजच्या पाच मिनिटांत ५० मिलिलिटर, तर ३०० दिवसांत १५ लिटर इंधन वाया जाते. दहा हजार मोटारींसाठी हा आकडा दीड लाख लिटर होतो. गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाला ही उधळपट्टी परवडणारी नाही. शिवाय पेट्रोलचा खर्च मालक सोसतो. धुराची किंमत मात्र शेजारी, पादचारी आणि शाळकरी मुले मोजतात.

उपाय

इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघावे, पहिले काही किलोमीटर वेग व भार मर्यादित ठेवावा आणि छोटी कामे एकाच फेरीत उरकावीत. जवळच्या अंतरासाठी पायी जाणे वा सायकल वापरणे सर्वांत स्वस्त. कायदा धुराचे मानक ठरवू शकतो. सवय मात्र नागरिकांनाच बदलावी लागेल.