कूर्मावतार आणि सागरी कासव

श्रीविष्णूच्या दशावतारांतील दुसरा अवतार कूर्म होय. समुद्रमंथनसमयी खचू लागलेला मंदर पर्वत भगवंतांनी कूर्मरूपाने पाठीवर तोलला, अशी कथा आहे. देवालयाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर असणारे दगडी कासव भाविकांच्या परिचयाचे आहे. कासव आपले अवयव आत ओढून घेते, त्याप्रमाणे साधकाने इंद्रिये आवरावीत, हा श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बोध त्यामागे आहे.

परंतु सागरी कासवाला मात्र अवयव कवचात ओढून घेता येत नाहीत. पोहण्यासाठी त्याचे पाय वल्ह्यांसारखे झालेले असून डोके व पाय सदैव उघडे राहतात. संकटसमयी आत दडण्याची सोय त्यास नाही.

कोकण किनाऱ्यावर प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येते, वाळूत खड्डा करून सुमारे १०० ते १५० अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परतते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. हजारांतून जेमतेम एखादे पिल्लू मोठे होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणूनच एका प्रौढ मादीचा मृत्यू ही फार मोठी हानी ठरते.

कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून पृष्ठभागावर येता न आल्यास ते गुदमरून मरते. पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी जेलीफिश समजून गिळते. किनाऱ्यावर कुत्री व कोल्हे घरटी उकरतात. नवजात पिल्ले समुद्राकडील उजेडाच्या रोखाने निघतात; रस्त्यांचे व हॉटेलांचे दिवे त्यांना उलट दिशेस नेतात. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. उष्णता वाढल्यास माद्याच अधिक जन्मतात व समतोल ढळतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीने या कासवास संरक्षण दिले आहे. मात्र कायद्यास लोकांची साथ हवी. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे पूर्वी अंडी खणून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने अंडी कुंपणात सुरक्षित ठेवून पिल्ले समुद्रात सोडण्याचे कार्य आरंभिले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव सुरू झाला. अंडी नेणारे हातच अंडी राखू लागले.

हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आदी क्षेत्रे सागरतीरीच आहेत. दर्शनानंतर किनाऱ्यावर जाणाऱ्या भाविकांनी प्लॅस्टिक तेथे टाकू नये, रात्री वाळूवर वाहने नेऊ नयेत व प्रखर दिवे लावू नयेत. मादी अथवा घरटे दिसल्यास स्पर्श न करता वनखात्यास कळवावे. सागरी कासवाला स्वतःस आवरून घेता येत नाही; ते आवरणे माणसाच्या हाती आहे. सभामंडपातील कासवास केलेला नमस्कार त्यानेच सार्थ होईल.