दिवस भरले, पण कळा नाहीत : एका तारखेचं गणित



दहावीच्या विज्ञानात पुनरुत्पादनाचा भाग आपण शिकवतो. पाळीचं चक्र, फलन, गर्भाशय, सगळं होतं. आकृतीला नावं देऊन झाली की धडा संपतो. पण घरात खरा प्रश्न येतो तो धडा संपल्यावर. तारीख उलटली, कळा येत नाहीत, आता काय करायचं? 2024 च्या जून-जुलैत हा प्रश्न माझ्याच घरी आला, म्हणून हा लेख.

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे अमळनेर तालुक्यात आमच्या बहिणीकडे आली होती. सासर धुळे तालुक्यातलं. पाळीची शेवटची तारीख तिला अशी आठवत होती : "मामा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." आपल्याकडे बायका तारखा अशाच लक्षात ठेवतात, पोळा, गणपती, आखाजी. त्यात चूक काही नाही, फक्त ती तिथी इंग्रजी तारखेत नीट बदलून घ्यावी लागते. 2023 ला श्रावण अधिक होता, त्यामुळे त्या वर्षी पोळा 14 सप्टेंबरला आला. नेहमीच्या अंदाजानं कुणी ऑगस्ट धरला असता तर हिशोब महिनाभर चुकला असता.

मग 15 सप्टेंबर 2023 धरू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं एक नियम रूढ झाला, तो आजही चालतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. उत्तर येतं 22 जून 2024. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, फार लांब नाहीत. हेच मुलांना 280 दिवस एकेक महिना धरून मोजायला लावा. 21 जून येतो. एका दिवसाचा फरक का पडला, हे मुलांनाच शोधू द्या (2024 च्या फेब्रुवारीकडे बघायला सांगा, पण लगेच नको).

आता या नियमातली मेख. तो 28 दिवसांचं चक्र गृहीत धरतो आणि बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं असं मानतो. भाचीची पाळी यायची 35 दिवसांनी. म्हणजे बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटणार, आणि बाळाचं वयही आठवडाभर कमी असणार. दिवाळीच्या तोंडावर, आठव्या आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीत नेमकं तेच दिसलं. रिपोर्टवर तारीख होती 29 जून. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगानं वाढतात, म्हणून तेव्हाची सोनोग्राफी वय सांगायला सगळ्यात भरवशाची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख बदलायची नसते. तोवर एक बाळ अंगानं भरलेलं असतं, एक चणीचं असतं, आणि मशीन त्यांच्या मापावरून वय सांगतं.

घरात कुणी हा रिपोर्ट नीट वाचलाच नव्हता. सगळ्यांच्या डोक्यात 22 जून पक्का. 29 जून उजाडला तशी शेजारची आजी दारात येऊन म्हणाली, "दिन भरी गयात ना माय, आते कसानी वाट देखतस?" विहीणबाईंचे फोन सुरू झाले. तालुक्याच्या एका दवाखान्यात दाखवलं, तर तिथं सांगितलं, "आठवडा वर गेलाय, उद्याच सिझर करून टाकू." बहीण रडकुंडीला आली. मी फाइल उघडली, पहिल्या सोनोग्राफीचा कागद काढला आणि सगळ्यांना दाखवलं की आज चाळीस आठवडे पूर्ण होताहेत, आजचा दिवसच तारखेचा आहे. खरं तर शंभरातली चार-पाच बाळंच दिलेल्या तारखेला जन्मतात. बाकीची सगळी आधी किंवा नंतर.

मी मात्र इथंच एक चूक केली. सुटकेच्या भरात म्हणून गेलो, "मग आता निवांत राहा, येईल तेव्हा येईल." ते बरोबर नव्हतं.

वाट पाहण्याला मर्यादा आहे. ती का, हे पालकांना साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. बाळाला प्राणवायू आणि अन्न पोचवते ती वार. दिवस फार वर गेले की काहींच्या बाबतीत वारेचं काम मंदावतं, गर्भजल कमी होतं, बाळ पोटातच शी करून ती श्वासात ओढू शकतं. पोटात बाळ दगावण्याचा धोका मुळात लहान असतो, पण एक्केचाळीसनंतर तो वाढत जातो आणि बेचाळीस ओलांडल्यावर जास्तच. स्वीडनमध्ये 2,760 बायकांचा एक अभ्यास झाला. निम्म्यांना एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणायचं ठरलं, निम्म्यांनी बेचाळीसपर्यंत थांबायचं. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास अर्ध्यातच थांबवावा लागला, 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले. आणि सिझरचं प्रमाण? दोन्ही गटांत जवळपास सारखं. 'कळा आणल्या की सिझर ठरलेलंच' हे आपल्याकडचं वाक्य इथं टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे. एक्केचाळीस आठवडे नक्की पूर्ण झालेत अशी खात्री असेल तर कळा आणाव्यात, आणि बाकी सगळं सुरळीत असेल तर त्याआधी उगाच घाई नको. यातला 'खात्री' हा शब्द महत्त्वाचा. खात्री कुठून येते? दिवाळीतल्या त्या कागदातून. (बीपी, साखर, पाणी गेलेलं असणं, बाळाची वाढ खुंटणं अशी कारणं असतील तर हिशोब वेगळा, तिथं डॉक्टर आधीच निर्णय घेतात.)

जळगावच्या डॉक्टर मॅडमनी आमच्यासमोर दोन्ही वाटा ठेवल्या. 6 जुलैला एक्केचाळीस पूर्ण होतात, तोपर्यंत एक दिवसाआड तपासणी, बाळाचे ठोके, गर्भजल बघू. बाळाची हालचाल रोज मोजायची. डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली लागल्या नाहीत तर रात्र असो की पहाट, निघायचं. 6 तारखेलाही कळा नसतील तर भरती. भाचीनं स्वतः विचारलं, "मॅडम, नाही म्हटलं तर?" त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा हक्क आहे. मग रोज तपासू, पण धोका काय ते मी लिहून देईन आणि तू वाचून सही करशील." मला हे फार आवडलं. आपण वर्गात पोरींना प्रश्न विचारायला शिकवतो ते यासाठीच.

घरात अडचण निघाली ती अवसेची. 5 जुलैला अमावस्या. विहीणबाई म्हणाल्या, अवस उलटल्याशिवाय सुई-औषध नको. योगायोगानं तारीख अवसेनंतरचीच निघाली, म्हणून वाद टळला. उलट झालं असतं तर मी काय केलं असतं? भांडलो असतो, पण विहीणबाईंशी कितपत जिंकलो असतो, देव जाणे.

त्या आठवड्यात घरगुती उपायांचा पाऊस पडला. अननस खा, जिने चढ, आणि मुख्य म्हणजे एरंडेल. एरंडेलानं आधी जुलाब होतात. आपल्या खानदेशातल्या उकाड्यात नऊ महिन्यांच्या बाईला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी जाणं, तेव्हा नकोच. सगळ्यात घातक म्हणजे घरी किंवा छोट्या दवाखान्यात कळा वाढवायला दंडात टोचलेली सुई. हे औषध ऑक्सिटोसिन. आपले शेतकरी ते ओळखतात, म्हशीला पान्हा सोडायला चोरून टोचतात तेच. या गैरवापरामुळेच 2018 मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी घातली होती, पण बाळंतिणीच्या रक्तस्रावावर हेच औषध जीव वाचवतं म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात बंदी रद्द केली. कळा आणताना ते सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. बाळ यायच्या आधी एकदम टोचलं तर गर्भाशय इतकं आवळतं की बाळ गुदमरतं, कधी पिशवीच फाटते.

दवाखान्यात काय करतात? आधी आतून तपासून गर्भाशयाचं तोंड किती मऊ, किती उघडं ते बघतात आणि गुण देतात. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी 1964 मध्ये ही पद्धत मांडली. आठ किंवा जास्त गुण म्हणजे तयारी चांगली. भाचीला मिळाले चार. ("मामा, तुमच्या चाचणी परीक्षेसारखंच," ती म्हणाली.) गुण कमी असले तर आधी तोंड मऊ करतात, त्यासाठी जेल, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किंवा फोले कॅथेटरचा छोटा फुगा. आपल्या महाराष्ट्रातला दाखला हवा असेल तर नागपूरचा घ्या. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा रुग्णालयात बीपी वाढलेल्या 602 बायकांवर गोळी आणि फुगा यांची तुलना झाली, 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. गोळी घेतलेल्यांपैकी 57 टक्के चोवीस तासांत नैसर्गिक बाळंत झाल्या, फुगा लावलेल्यांपैकी 47 टक्के. त्या बायका तारीख उलटलेल्या म्हणून निवडल्या नव्हत्या, हे लक्षात असू द्या. पण चोवीस तासांत निम्म्याच, हा आकडा घरच्यांना आधीच सांगा. नाहीतर सहा तासांनी सगळे विचारू लागतात, "अजून काही नाही?" आणि आधी सिझर झालेलं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कारण तेव्हा मिसोप्रोस्टॉल देत नाहीत, जुना टाका फाटण्याची भीती असते.

कळा आणायच्या तर गरज पडल्यास लगेच सिझर करता येईल अशाच ठिकाणी. चोपडा-शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्यांनी हे चाळिसाव्या आठवड्यातच ठरवावं. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे सोय आहे. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या मोफत आहेत. तातडी असेल तर 108. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रावर गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

6 जुलैला सकाळी भाची भरती झाली. दुपारी जेल, रात्री दुसऱ्यांदा जेल, पहाटे सलाइन. मी बाहेर बाकावर बसून नववीचे पेपर तपासत होतो, एकही धड तपासला गेला नाही. रविवारी रात्री साडेनऊला मुलगी झाली, सिझर न होता. विहीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "नेमकी किती वाजता?" आणि पंचांग काढलं. भाचीनं मात्र दिवाळीतला तो सोनोग्राफीचा कागद बाळाच्या फाइलला टाचून ठेवायला सांगितला.