वचन मुखोद्गत कशासाठी?

वाचनासाठी : मत्तय ४:१-११, स्तोत्र ११९:९-१६, स्तोत्र १२१



दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवर एकामागून एक घर बंद होऊ लागते. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी ऊसतोडीला. मुलेबाळे, भांडीकुंडी, कोंबड्यासुद्धा बरोबर जातात. पवित्र शास्त्र नेलेच तर ते पेटीच्या तळाशी असते. भट्टीवरच्या झोपडीत रात्री वाचण्याइतका उजेड नसतो, आणि आपल्या कित्येक वडीलधाऱ्या भगिनींना अक्षरओळखही नाही. रविवारची उपासना नाही, पाळक नाही. पुढचे पाचसहा महिने त्यांच्यापाशी देवाचे वचन किती असणार? जेवढे मुखोद्गत असेल तेवढेच. म्हणून या तिमाहीच्या अभ्यासाला हा विषय घेतला आहे.

शास्त्रातल्या लोकांची स्थितीही फार निराळी नव्हती. घरोघरी पुस्तक नव्हते. गुंडाळ्या हाताने लिहीत, त्या महाग असत. लोक ऐकत आणि ध्यानात ठेवत. अनुवाद ६:६-७ मध्ये वचन आधी अंतःकरणात ठेवायला सांगितले आहे आणि मग मुलांशी ते घरात, वाटेत, निजताना, उठताना बोलायला. स्तोत्र ११९ तर पाठ व्हावे अशाच बेताने रचलेले दिसते. हिब्रूची २२ अक्षरे, प्रत्येक अक्षराने सुरू होणारी ८ वचने, एकूण १७६. मराठीत ही गंमत हरवते, पण हिब्रू मुलाला पुढचे कडवे कोणत्या अक्षराचे हे बोटांवर मोजता येत असे. योनाने माशाच्या पोटात केलेली प्रार्थना वाचा, तिच्यात स्तोत्रांचेच शब्द सापडतात. मरीयेच्या गीतात (लूक १) हन्नाचे गीत (१ शमुवेल २) ऐकू येते. संकटात आणि आनंदात त्यांच्या तोंडी आले ते आधीपासून आत साठवलेले होते.

आता मत्तय ४ कडे वळू. रानात प्रभू येशूच्या हाती गुंडाळी नव्हती. चाळीस दिवसांचा उपास झालेला होता. तिन्ही वेळा त्याने उत्तर दिले ते अनुवादातून : ८:३, ६:१६, ६:१३. हे दोन्ही अध्याय कशाबद्दल आहेत, ते पाहा. रानात चाळीस वर्षे भटकलेल्या, भुकेने कुरकुरलेल्या इस्राएलाशी मोशे त्यांत बोलतो. म्हणजे प्रभूने सुटी वचने उचलली नाहीत; रान, भूक आणि परीक्षा यांचा तो सबंध भागच त्याच्या मनात होता.

सैतानालाही स्तोत्र पाठ होते, हे आपण बहुधा विसरतो. त्याने ९१ व्या स्तोत्रातील ११ व १२ ही वचने म्हटली. पण देव आपल्या माणसाला त्याच्या सर्व मार्गांत राखतो, या अर्थाचे शब्द त्याने मधल्यामध्ये गाळले. पुढच्या १३ व्या वचनात सर्प पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. तिथवर तो पोहोचलाच नाही. (कारण वाचकांनीच ओळखावे!) तेव्हा नुसते पाठ असणे ही विश्वासाची खूण नव्हे.

हीच तोडमोड आपल्या भिंतींवरच्या कॅलेंडरांतही होते. यिर्मया २९:११ हे आपले किती आवडते वचन! पण त्याच्या आधीचे १० वे वचन किती जणांना पाठ आहे? त्यात परतायला सत्तर वर्षे लागतील असे सांगितले आहे. हे पत्र परमुलखात नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे : तिथे घरे बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. भट्टीवरच्या माणसाला ११ वे वचन एकटे दिले तर ते दोन महिन्यांत पोकळ वाटू लागेल. सबंध भाग दिला तर तो त्याच्याबरोबर टिकेल.

पंडिता रमाबाईंना लहानपणी आईने शिकवलेले हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत होते. पाठांतराचे बळ त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षे, १९२२ साली मृत्यू येईपर्यंत, त्यांनी वेचली ती हिब्रू व ग्रीकमधून शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात. तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. मला हे फार बोलके वाटते. आपली मुले घरी वारली, कोकणा, भिली किंवा पावरी बोलतात. बक्षिसासाठी ‘अनुग्रह’, ‘नीतिमान’ असे शब्द धडाधड म्हणून दाखवतात, पण अर्थ विचारला की गप्प. माझे स्पष्ट मत आहे की आधी मुलाने तो भाग आपल्या बोलीत आजीला सांगावा, मगच पाठ करावा. बक्षीस द्यायचेच तर आजीला समजले यासाठी द्यावे.

निरक्षर माणसाला एवढे ध्यानात कसे राहील, असे शहरातील काही मंडळी विचारतात. त्यांनी वारल्यांचे एखादे लग्न पाहावे. धवलेरी बाई लग्नविधीची लांबलचक गाणी म्हणते आणि समोर कागदाचा चिटोराही नसतो. अडचण असलीच तर ती आपल्यासारख्या वाचणाऱ्यांची आहे. मोबाईलमध्ये शोधले की सापडते, म्हणून आपण साठवत नाही.

या तिमाहीसाठी आम्ही १२१ वे स्तोत्र घेतले आहे. वचने फक्त ८. हे यरुशलेमेस चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचे आरोहणस्तोत्र, म्हणजे वाटचालीचेच. डोंगर, पाय घसरणे, दिवसाचे ऊन, जाणे-येणे, सगळे त्यात आहे. ‘राखणे’ या अर्थाचा हिब्रू शब्द त्यात सहा वेळा येतो. मुलांना तो बोटांवर मोजायला लावावा. आठवड्याला दोन वचने पुरेत. मोठ्याने म्हणावे, दोघांनी मिळून म्हणावे, एकाने अर्धे म्हणून दुसऱ्याने पुरे करावे. पाण्याला जाताना, भाकरी थापताना म्हणावे. नवी दोन घेण्याआधी मागची म्हणून घ्यावीत.

आपणही आपल्या मंडळीत व घरी हेच स्तोत्र पाठ करावे, ही विनंती. पाऊस लागण्याआधी कुटुंबे पाड्यांवर परततील. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सर्वांनी मिळून, पुस्तके बंद ठेवून, ते म्हणायचे ठरले आहे.